माझ्यापेक्षा बरा जावई

मला फोटो लावायचाच नव्हता. हे आधी सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्याचं सगळं खापर त्या फोटोवर, म्हणजे माझ्याच तोंडावर, फोडण्यात आलं.

मी वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. नववीत शाळा सुटली तेव्हापासून हेच काम. मशीनशी माझं जमतं. कुठे दुखतंय ते ती घरघर करून सांगते, मी ऐकतो, आणि कुणालाच बोलावं लागत नाही. माणसांचं तसं नाही. गिऱ्हाइकाच्या दारात उभा राहिलो की माझ्या तोंडून "मशीन" एवढाच शब्द निघतो, तोही बरेचदा दुसऱ्या प्रयत्नात. म्हणून फोनवरच्या माझ्या सोशल मीडियाच्या खात्यावर इतके दिवस एका धुतलेल्या ड्रमचा फोटो होता. चांगला होता. चकचकीत.

"अहो, ड्रमला कोण काम देणार?" बायको म्हणाली. "स्वतःचा चेहरा लावा. लोकांना विश्वास वाटतो."

लावला. निळा शर्ट, पाडलेला भांग आणि चेहऱ्यावर हसू. (ते हसू आहे, हे सांगावं लागतं.) फोनने विचारलं, तुमची मित्रयादी कुणाला दिसावी? मी "सर्वांना"वर बोट ठेवलं. लपवण्यासारखं काय होतं? यादीत एकूण एकोणीस माणसं, त्यातली अकरा बायकोच्या माहेरची.

दहा-बारा दिवसांनी, रविवारी सकाळी, बायको न मागता चहाचा दुसरा कप घेऊन आली. आमच्या घरात हे सहसा होत नाही, त्यामुळे मी घाबरलोच.

"तुम्ही बाबांशी एवढं बोलता, आणि मला पत्ताही नाही?"

बाबा म्हणजे माझे सासरे, निवृत्त पोस्टमास्तर. चौतीस वर्षांत आपल्या हातून एकही पत्र चुकीच्या माणसाकडे गेलं नाही, हे ते प्रत्येकाला सांगतात, आणि ऐकणारा जागेवरून उठला नाही तर पुन्हा सांगतात. आमच्या लग्नाला तीन वर्षं झाली. एवढ्या काळात माझं त्यांच्याशी झालेलं बोलणं म्हणजे "नमस्कार", "बरं" आणि "निघतो".

"आत्ता फोन आला होता त्यांचा," बायको सांगू लागली. "म्हणाले, जावईबापू रोज सकाळी मेसेज करतात. गुडघ्याची चौकशी करतात. ती पोस्टातल्या संपाची गोष्ट तर तुम्ही स्वतःहून पुन्हा सांगायला लावलीत म्हणे!" तिचे डोळे भरून आले होते. "मला वाटायचं, तुम्हाला माझ्या माहेरच्यांचं काहीच वाटत नाही. मी पण बाबांना म्हटलं, माझा नवरा लाखात एक आहे."

इथे सरळ माणसाने काय म्हणायला हवं होतं, ते मला माहीत आहे. मी एकही मेसेज केला नव्हता. मला वाटलं, सासऱ्यांनी धाकट्या जावयाचे मेसेज माझ्या नावावर जमा केले असतील. पण तीन वर्षांत बायको माझ्याकडे अशी पहिल्यांदाच बघत होती, आणि चहात साखरही बेताची होती.

"हं," मी म्हणालो.

आता "हं" म्हणजे काही "हो" नव्हे. पण ती माझी चूक होती, हे मान्य करतो.

दुपारी साडेतीनला लेक झोपली. बायको कपड्यांच्या घड्या घालत सहज म्हणाली, "आणि तो तुमचा नंबर बाबा चार वाजता पाठवतायत."

"कसला नंबर?"

"तुम्हीच मागितलात ना? चार वाजता त्यांच्या फोनवर बँकेकडून सहा आकडे येणार, ते तुम्हाला कळवायचे. खात्याचा नंबर तर त्यांनी परवाच दिला म्हणे. कसला अर्ज भरताय तुम्ही त्यांचा?"

माझ्यासारख्या नववी नापासालाही एवढं कळतं की ते सहा आकडे म्हणजे घराची किल्ली. ती जावयालाही द्यायची नसते. सासऱ्यांची सगळी पेन्शन त्या खात्यात, आणि सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी साठवलेले पैसेही.

"मी नाही मागितला," मी म्हणालो. "मेसेजही... मी नाही केले. कुणीतरी माझा फोटो घेऊन..."

हातातला टॉवेल अर्धवट घडीवर थांबला. "सगळे? गुडघ्याचा पण?"

"गुडघ्याचा पण."

"मग सकाळी हं कशाला म्हणालात?"

मी सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, मी बोलतोय."

"मी कोण?"

"जावई."

"वा! जावयाचा जुना फोन चोरीला गेलाय, हे त्यांनी मला परवाच कळवलंय. त्या नंबरवरून कुणी आवाज काढून बोललं तर विश्वास ठेवू नका, असंही सांगितलंय. लाज नाही वाटत?" फोन बंद.

चोराने माझ्या आधीच सासऱ्यांना माझ्यापासून सावध केलं होतं! मग बायकोने तिच्या फोनवरून लावला. तिने "बाबा, तो चोर आहे" म्हणताच पलीकडून आवाज आला, "सकाळी माझी मुलगी याच जावयाला लाखात एक म्हणाली, आणि दुपारी चोर म्हणेल? मुलीच्या आवाजाचीही नक्कल करता होय रे?" त्यानंतर फोन लागेचना.

बायकोने झोपलेल्या लेकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बघताय काय? पळा!"

स्कूटरवरून पंधरा मिनिटांचा रस्ता मी अकरा मिनिटांत कापला. वाटभर माझ्या डोक्यात संताप उसळत होता. चोराने फोटो घेतला, नाव घेतलं, ठीक. पण गुडघा? साठीनंतर कुणाचा गुडघा दुखत नाही? त्यात कसली आलीय माया! आणि ती संपाची गोष्ट मी सहा वेळा संपूर्ण ऐकली आहे, मान हलवून हलवून. त्याचं कौतुक कुणी केलं का?

दार सासूबाईंनी उघडलं. "अगबाई, तुम्ही? या, या. मशीन बघायला आलात का? पाणी सोडत नाहीये."

मी तोंड उघडलं. निघालं काय? "मशीन."

"हो, तेच म्हणते मी," म्हणत त्या मला न्हाणीघराकडे नेऊ लागल्या. मी धावत बाहेरच्या खोलीत शिरलो. सासरे आरामखुर्चीत चष्मा लावून, फोन दोन्ही हातांत धरून तयार बसले होते. भिंतीवरच्या घड्याळात चारला सात कमी.

"अरे, जावईबापू! तुम्ही स्वतःच आलात? आत्ता तर तुमचा मेसेज आला."

"माझा नाही, बाबा. तो चोर आहे."

"हा?" त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. माझाच निळा शर्ट. "अहो, चौतीस वर्षं पत्रं वाटलीत मी. माणूस ओळखतो. हे लिहिणारा चोर असूच शकत नाही."

"मग त्याला विचारा, आत्ता कुठे आहे."

त्यांनी एकेक अक्षर शोधत विचारलं. उत्तर लगेच आलं. सासऱ्यांनी ते मोठ्याने वाचलं: "घरीच आहे बाबा. तुमचीच आठवण काढत होतो. आज गुडघा कसा आहे?"

ते फोनकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घामाने भिजलेला, हातात स्कूटरची किल्ली, तोंडात शब्द नाही. पुन्हा फोनकडे पाहिलं. शपथेवर सांगतो, ते तुलना करत होते.

तेवढ्यात फोन वाजला. सहा आकडे आले. सासऱ्यांचा अंगठा सवयीनेच खाली गेला. ज्याने इतक्या आपुलकीने विचारलं, त्याला उत्तर द्यायचं राहू नये, अशा थाटात.

"नका!" मी ओरडलो. एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडलो नव्हतो. शेजारची खिडकी उघडली. "एकही आकडा पाठवू नका! ते पैसे आईंच्या ऑपरेशनचे आहेत! मी इथे उभा आहे, खराखुरा, आणि तुम्ही त्याला..."

पुढचे शब्द संपले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "अहो, हे बोलतात की!"

सासऱ्यांनी हळूच फोन मांडीवर ठेवला. मग मी त्यांच्याकडून बँकेला फोन करवून खातं गोठवलं, सगळे पासवर्ड बदलले, त्या खोट्या खात्याची तक्रार केली आणि जिच्यातून चोराला सासरे सापडले, ती माझी मित्रयादी बंद केली. सगळं झाल्यावर त्याला ब्लॉक करायची वेळ आली, तेव्हा सासरे म्हणाले, "एक मिनिट." आणि लिहिलं: "डावा. शेक चालू आहे." मग स्वतःच्या हाताने ब्लॉक केलं. त्यांचा चेहरा मात्र सख्ख्या माणसाला गाडीत बसवून परत आल्यासारखा झाला होता. मला कुणी चहाही विचारला नाही. मशीन मात्र दाखवली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "चोराला जमतं ते तुम्हाला का जमू नये?" एवढंच म्हणाली, पण त्यात सगळं आलं. रात्रभर मला ते लागून राहिलं. खरंच, का जमू नये? माझेच सासरे, माझाच फोटो!

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जायच्या आधी मी पाऊण तास बसून मेसेज लिहिला. तीनदा खोडला. शेवटी पाठवला: "शुभ सकाळ बाबा. गुडघा कसा आहे?"

दोन मिनिटांत बायकोचा फोन वाजला. सासऱ्यांचा आवाज माझ्यापर्यंत स्पष्ट ऐकू येत होता.

"अगं, तो परत आला! या वेळी जावयांच्या त्या चोरीला गेलेल्या जुन्या नंबरवरून. पण मी लगेच ओळखला आणि ब्लॉक करून टाकला. त्यांना म्हणावं, काळजी करू नका. आणि हा कुणीतरी नवशिका दिसतोय. आधीचा किती मनापासून लिहायचा!"