आण्णांचं इंजिन आणि विरूपाक्षची मोटर

विरूपाक्षच्या गुऱ्हाळात विजेच्या मोटारीवरचं पहिलं गाळप होतं आणि त्याचे वडील आण्णा जुन्या डिझेल इंजिनाला टेकून सुतकी चेहऱ्यानं बसले होते. इंजिन विकत घेतलेले आजऱ्याचे पाहुणे टेम्पो घेऊन आले होते, पण आण्णांची अट होती, "मोटर रुसली, तर इंजिन इथनं हलणार न्हाय. मोटरच माघारी जाईल."

विरूपाक्षचा मात्र मोटारीवर जीव जडला होता. बसवताना लाइनमन जोतीरामनं तिचं पोट उघडून दाखवलं होतं. कडेनं तांब्याच्या तारांचे वेढे, मधे लोखंडी गाभा आणि दोघांत नुसती फट.

"तीन वायरीतनं वीज पाळीपाळीनं येती. वेढ्यांचं लोहचुंबक व्हतंय, त्याची वढ गोल फिरती, अन् गाभा तिच्यामागं पळतोय. कुणी कुणाला शिवत न्हाय," जोतीरामनं सांगितलं होतं. न शिवता एवढा चरक फिरवायचा, या विचारानं विरूपाक्षच्या अंगावर अजून काटा यायचा.

त्यानं बटण दाबलं. मोटर घुमली, पट्टा पळाला. गडी पिराजीनं चरकाला ऊस लावला आणि चरकानं उसासकट पिराजीला मागं ढकललं.

"मालक, ह्यो खाईना. परत देतोय."

"रुसली," आण्णा समाधानानं म्हणाले.

तेवढ्यात विरूपाक्षची बायको शांतव्वा दळण तसंच घेऊन आली. "गिरणी उलटी फिरतीया. शेजारच्या बाळासोची कडबाकुट्टीबी वैरण भाईर फेकतीया."

विरूपाक्षच्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळीच जोतीरामनं गावाला वीज देणाऱ्या डीपीवर नवी केबल जोडली होती. तिथं दोन वायरींची अदलाबदल झाली होती. त्यानं मेन बंद करून मोटारीच्या दोन वायरी आपसात बदलल्या. चरक सुतासारखा सरळ झाला, रस धो धो पडू लागला. हा उपाय वाऱ्यासारखा गावभर पसरला आणि ज्यानं त्यानं आपापल्या वायरी बदलल्या.

रसानं काहील अर्धी भरली असताना वीज गेली, थोड्या वेळानं आली. पाठोपाठ सायकलवरून जोतीराम हजर झाला.

"चूक माजी हुती. डीपीवर वायरी बदलून आलोय. आता आख्खं गाव सुलट."

चरकानं पिराजीला पुन्हा मागं ढकललं. गावातून गिरणीवाल्याच्या शिव्या ऐकू आल्या.  आण्णांकडं बघायचा विरूपाक्षला धीर होईना.

आण्णा मात्र उठून मोटारीपुढं उभे राहिले होते.

"जोतीराम, तू तिथं दोन वायरी हलवल्यास, अन् गाव एका दमात फिरलं?"

"व्हय, आण्णा."

"मी चाळीस वर्सं राजकारण केलं. दोन गल्ल्या एका बाजूला वळवता आल्या न्हाईत." ते पाहुण्यांकडं वळले. "पावणं, इंजिन चढवा टेम्पोत."

"पण आण्णा, मोटर रुसली की," विरूपाक्ष पुटपुटला.

"रुसतंय ते इंजिन. हँडल मारून खांदा निखळला माजा. ही उलटी तर उलटी, पण जीव तोडून फिरतीया. हिला निस्ती वाट दावायची. मेन बंद कर. आता वायरी मी बदलणार."

आण्णांनी हयातीत पहिल्यांदाच स्क्रू ड्रायव्हर हातात धरला. दोन वायरी बदलल्या, स्क्रू आवळले आणि मोठ्या अभिमानानं वर बघितलं.

जोतीराम दिसेना. गाव सुलट करायला तो डीपीच्या खांबावर पुन्हा चढत होता.