भिंतीपलीकडची वेल्श

सकाळी नऊला रेडिओवर थेट मुलाखत, आणि पावणेनऊला प्राध्यापक इद्वल स्वतःच्याच घराबाहेर अडकले. कचऱ्याचा डबा ठेवायला दोन पावलं बाहेर आले, समुद्राकडून वारा आला आणि दार धाडकन लागलं. किल्ली आत, फोन आत. अंगावर नुसता पट्ट्यापट्ट्यांचा ड्रेसिंग गाऊन.

वेल्श भाषा कशी जगवावी, हे साऱ्या वेल्सला सांगणारा हा माणूस. ‘पहिला शब्द वेल्शमध्येच बोला’ हे त्यांचं वाक्य शाळांच्या भिंतींवर रंगवलेलं होतं. त्यांनी शेजारच्या मेद्वेनबाईंचं दार ठोठावलं आणि इंग्रजीत विचारलं, “माफ करा, जरा फोन करू का?”

“या की,” बाईही इंग्रजीतच म्हणाल्या.

बाईंना वेल्श येत नाही, असं प्राध्यापक अकरा वर्षं धरून चालले होते. बायको गेल्यापासून दोन अंगणांमधल्या भिंतीवरून होणारं ते इंग्रजी ‘गुड मॉर्निंग’ हाच त्यांचा दिवसभरातला काय तो संवाद. शनिवारी त्याच भिंतीवरून बाईंच्या हातचा ‘बारा ब्रीथ’ नावाचा मनुकांचा गोड पाव यायचा. एवढ्या आधारावर त्यांचा आठवडा निघायचा.

रेडिओ केंद्राचा नंबर पाठ होता म्हणून निभावलं. बाईंनी खुर्ची दिली, चहा ठेवला आणि पाठमोऱ्या उभं राहून ताजा पाव कापायला घेतला.

“सर, रोजच्या जगण्यातलं एखादं उदाहरण द्या ना,” मुलाखत सुरू झाल्यावर निवेदिकेनं फोनवर वेल्शमध्ये विचारलं.

प्राध्यापकांनी बाईंच्या पाठीकडे पाहिलं. त्यांना कुठं काय कळतंय!

“माझ्या शेजारीणबाईच घ्या,” ते झोकात वेल्शमध्ये सुरू झाले. “फार मायाळू. पण वेल्शचा एक शब्द कळत नाही बिचारीला. अकरा वर्षं तिच्यासाठी मी इंग्रजी बोलतोय. आपल्या अशा भिडेपायीच भाषा मरते.”

इथं थांबायला हवं होतं. पण निवेदिका हसली आणि विद्वानाला चेव आला.

“पाव तर असा करते, की समुद्रपक्षीही चोच मारण्याआधी विचार करतात! दर शनिवारी मी त्यांनाच घालतो.”

सुरी थांबली. बाईंनी हात पुसले आणि रिसीव्हर काढून घेतला.

“नमस्कार. ती बिचारी मीच,” त्या अस्खलित वेल्शमध्ये म्हणाल्या. “ते पक्षी माझ्याच छपरावर येऊन पाव खातात, तेव्हा मला नवीन काही कळलेलं नाही. प्रोफेसरांचा चहा गार होतोय. ठेवते.”

प्राध्यापकांना पृथ्वी दुभंगेल तर बरं, असं झालं. अकरा वर्षांची शेजारीण एका वाक्यात गमावली होती.

“बाई, मग आजवर बोलला का नाहीत?”

“पहिल्या दिवशी तुम्हीच इंग्रजीत सुरू केलंत ना! म्हटलं, एवढा मोठा माणूस, माझी चुलीपुढची वेल्श ऐकून हसेल. मी काही ती शाळेत शिकले नाही हो.”

या विषयावर प्राध्यापकांची तीन व्याख्यानं तयार होती. पण त्यांनी नुसता गाऊनचा पट्टा आवळला.

“मीच घाबरलो होतो,” ते हळूच म्हणाले. “मी कार्डिफचा, इंग्रजी बोलणाऱ्या शहरातला; वेल्श विशीत पुस्तकातून शिकलेला. जन्मापासून बोलणारं कुणी भेटलं की वाटतं, आता माझी चोरी पकडली जाणार. तुम्ही इंग्रजीत उत्तर दिलंत तेव्हा हायसं वाटलं.”

बाई खुर्ची ओढून समोर बसल्या. “म्हणजे अकरा वर्षं आपण नुसतं हवामान बोललो?”

“तेही चुकीचं.”

दोघंही हसली. बाईंनी डोळे टिपले.

“तुमची वेल्श फार कोरी आहे,” त्या म्हणाल्या. “जरा मळवायला हवी. रोज सकाळी येत चला.”

“तुम्ही रागावला नाहीत?”

“रागावलेय तर! म्हणून तर हा पाव माझ्यासमोर खायचा.”

त्यांनी जाडजूड तुकडा पुढे केला. प्राध्यापकांचा जबडा बराच वेळ हलत राहिला.

“कसा झालाय?” बाईंनी वेल्शमध्ये विचारलं.

या भाषेत बाईंशी कधी खोटं बोलायचं नाही, असं त्यांनी आत्ताच मनाशी ठरवलं होतं. त्यांनी चहाचा मोठा घोट घेतला, घास कसाबसा खाली ढकलला आणि इंग्रजीत म्हणाले, “फारच छान!”