कुंदाताईंची बारावी चालते का?

आमच्या शेजारच्या कुंदाताई माणसाचा चेहरा बघत नाहीत, थेट दात बघतात. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये मी राहायला आलो त्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं, मोबाइलचा उजेड तोंडात मारला आणि म्हणाल्या, "दाढ सडून राहिली अन् तुम्ही हसून राहिले, भाऊजी." ओळख नंतर झाली.

फॅक्टरीत कारकून असलेल्या या बाईंचा राग बारमाही. तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्यावर राग, तो घोटून देणाऱ्यावर त्याहून जास्त. बसच्या खिडकीतून थुंकणाऱ्या एकाला तर त्यांनी पुढच्या थांब्यावर खाली उतरवलं होतं. मीही काही शांत माणूस नाही, पण त्यांच्यापुढे मी म्हणजे गोगलगाय.

या रागाचं मूळ मला उशिरा कळलं. त्यांना दातांची डॉक्टर व्हायचं होतं. बारावी सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाल्या आणि त्याच वर्षी आई अंथरुणाला खिळली. वर्षभर तिचं सगळं केलं. ती गेल्यावर अर्ज भरायला निघाल्या, तर वडील म्हणाले, मार्कशीटची मुदत संपली. पवनीकडचा साधा धानाचा शेतकरी. उत्पन्नाचा दाखला दरवर्षी नवा काढावा लागतो, तसंच हेही असणार असं त्यांनी धरून टाकलं. मुलीने बापाचं ऐकलं. त्याला चोवीस वर्षं झाली.

यंदा कोणीतरी सांगितलं की प्रवेश परीक्षेला आता वयाची अट नाही. झालं, बाई पेटल्या. जुनी बारावी चालते का, एवढाच प्रश्न. क्लासवाला म्हणाला, नाही. नेटकॅफेवाला म्हणाला, बारावीला पुन्हा बसावं लागेल. कुंदाताई दोघांशीही भांडल्या. "शिकलेलं काय शिळा भात आहे, फेकून द्यायले?" हे मी त्या महिन्यात शंभरदा ऐकलं असेल.

शेवटी मला सोबत घेऊन त्या नागपूरच्या एका डेंटल कॉलेजात गेल्या. तिथल्या बाबूने मार्कशीट उलटसुलट पाहिली. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही आहेत, टक्केही आहेत. बारावीला मुदत नसते, फक्त प्रवेश परीक्षा यंदाची हवी, असं म्हणाला.

"मंग तेव्हा बी चालली असती? एका वर्षानं?"

"चालली असती की."

मला वाटलं, आता बाई पेढे घेतील. परतीच्या एसटीत त्या मार्कशीट पुन्हा पुन्हा उघडून बघत राहिल्या. बोललो मीच. जवाहरनगर येईपर्यंत त्यांच्या बापाच्या अडाणीपणावर चरफडत होतो. एका पोरीचं आयुष्य, आणि कोणाला एकदा विचारून यायचीसुद्धा तसदी घेऊ नये?

हल्ली वडील त्यांच्याकडेच असतात. आम्ही पोचलो तेव्हा ते दारातच बसले होते. "काय म्हनलं, पोरी?"

"नाही चालत म्हने, बाबा. तुमचंच बरोबर होतं."

"मी तवाच सांगतलं होतं," म्हातारा समाधानाने म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. मी बोलणार तोच कुंदाताईंनी दंडाला धरून मला स्वयंपाकघरात नेलं. वडिलांसाठी वरणात भात कुस्करायला घेतला, आणि कुस्करता कुस्करता त्यांचे डोळे वाहायला लागले.

"उद्या फारम भरू, भाऊजी. पण बाबाले सांगू नका. आपल्यानं पोरीचं नुकसान झालं हे समजलं, तर ते जेवाचे नाहीत."