चाकं वर, सावंतकाका

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत पाणी साचलं की माणसं मुकाट पँट वर करतात. सावंतकाका आधी थांबतात, समोर बघतात, "पाणी. चाकं वर," असं स्वतःलाच बजावतात आणि मग पँट वर करतात. कोरड्यात पोचले की "जमीन. चाकं खाली." पँट खाली. आंघोळीला जातानाही हेच. मी शेजारी राहतो, रोज भिंतीतून ऐकतो.

वेड लागलेलं नाही, सराव चाललेला असतो. जमिनीवर आणि पाण्यावर, दोन्हीकडे उतरणारं विमान काका स्वतः बांधत होते. असल्या विमानाची चाकं खाली ठेवून पाण्यावर उतरलं की ते कोलांटी खातं आणि खेळ खलास. "हात इसरतत रे," काका म्हणायचे, "तोंडाक सवय लावूक होई."

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी हॉलमध्ये विमान बांधायला काढलं. तेव्हा ते साधं होतं, नुसत्या चाकांचं. शेपटी देवघराला टेकली. काकूंना सांगाड्याखालून वाकून स्वयंपाकघरात जावं लागायचं. एक दिवस त्या म्हणाल्या, "या घरात ह्या विमान तरी रवात, नाय तर मी." यावर शहाण्या नवऱ्याने काय म्हणावं? काका म्हणाले, "जरा विचार करून सांगतंय." संध्याकाळी काकू बॅग भरून माहेरी, भावाकडे. त्याला झाली चार वर्षं.

"अहो, जाऊन घेऊन या ना त्यांना," मी कितीदा सांगितलं.

"हात हलवीत कसो जाव? विमानानच जातलंय."

आता काकूंचं माहेर खाडीकाठी. गावात विमान उतरेल एवढी सपाट जागा नाही. मग काकांनी निम्मा सांगाडा मोडला आणि विमानाला होडीचं बूड बसवलं. तोंडाने कधी कबूल केलं नाही, पण काकूंशिवाय घरात त्यांना करमत नव्हतं, हे आख्ख्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

पंख लावायला विमान पार्किंगमध्ये आलं आणि सेक्रेटरी म्हणून माझी वाट लागली. आमच्या फॉर्मात दोनच रकाने, टू-व्हीलर आणि फोर-व्हीलर. विमानाला चाकं तीन. शेवटी मी 'रिक्षा' लिहून स्टिकर दिला. मग बूड गळतं का बघायला काकांनी ते टँकरच्या पाण्याने काठोकाठ भरलं. त्या दिवशी बी विंगच्या बायकांनी खरडपट्टी काढली, ती काकांची नाही, माझी.

काका विमान उडवायला रीतसर शिकले, परवानग्यांचे गठ्ठे जमवले आणि गेल्या थंडीत पंख सोडवून विमान टेंपोत चढवलं. बरोबर एक तरी डोकं ठिकाणावर असलेला माणूस हवा, म्हणून मी गेलो. खाडीच्या पलीकडे कातळाचा मोठा माळ आहे, तिथून ते उडणार होते. मी होडीने अलीकडे, काकूंच्या गावात आलो आणि काकूंना सांगितलं, "काका येतायत."

"कसे?"

"वरून."

काकू पदर खोचून धक्क्यावर येऊन उभ्या राहिल्या.

थोड्या वेळाने घरघर ऐकू आली. मी आधी चाकं बघितली. वर होती. विमान पाण्यावर दोनदा आपटलं, डुलत डुलत धक्क्याला लागलं आणि काका उतरले. टेंपोत त्यांनी मला एक भाषण तीनदा म्हणून दाखवलं होतं, माफी वगैरे सगळं असलेलं. आता काकूंसमोर त्यातला एक शब्द फुटेना.

काकूंनीच विचारलं, "दर आयतवारी अकराक एक रिंग वाजता नि बंद जाता. ती तुमची मां?"

काकांनी मान डोलावली. "धीर होय नाय गो."

"मी दर आयतवारी फोन मांडयेर घेवन बसतंय," काकू म्हणाल्या. "दुसरी रिंग तरी देवची होती."