प्रेताच्या भूमिकेत इंगळेकाका

आमच्या शेजारचे इंगळेकाका दरवर्षी एकदा मरायचे. संग्रामपूरच्या हौशी नाटक मंडळात प्रेताचं काम कायम त्यांच्याकडे असे, आणि त्याचा त्यांना भलता अभिमान होता. "बोलणारे ढीगभर भेटतात," ते म्हणत, "मराले अक्कल लागते."

प्रयोगाच्या दिवशी पोट गुरगुरू नये म्हणून ते फक्त ताक पीत. नाकात घालायचा कापूस घरून आणत. मंडळाच्या कापसावर त्यांचा भरवसा नव्हता. एकदा भर प्रयोगात कुत्रं स्टेजवर येऊन त्यांचा पाय चाटून गेलं. काका हलले नाहीत. टीव्हीवरच्या मालिकेत कोणी मेलं की ते खुर्ची पुढे ओढत. "पापणी हालून राह्यली. याले कोणी घेतलं बे?"

मी इंग्रजी शाळेत शिकले, मराठी वाचायला मला वेळ लागतो, म्हणून एका वर्षी मंडळाने मला लॅपटॉपवर संगीत लावायला विंगेत बसवलं होतं. तिथे संवाद पाठ करावे लागत नाहीत.

त्या वर्षी नाटकात काकांच्या विधवेचं काम शोभाताईंकडे होतं. त्या अंगणवाडीत शिकवतात. त्यांचा नवरा खरोखरच दोन वर्षांपूर्वी गेला होता, आणि हातात काचेच्या बांगड्या त्यांनी नुकत्याच पुन्हा घातल्या होत्या. तालमीत बांगड्या फोडण्याचा नुसता अभिनय व्हायचा. प्रयोगात मात्र सासू झालेल्या बाईंना जोर चढला. त्यांनी शोभाताईंचा हात ओढून तिरडीच्या बांबूवर आपटला. दोन बांगड्या फुटल्या.

"नको," शोभाताई म्हणाल्या. हे वाक्य नाटकात नव्हतं. समोर टाळ्या पडल्या. सासूने दुसरा हात धरला.

तेव्हा प्रेत उठून बसलं.

"सोड तिचा हात," काका म्हणाले. "मेलो मी. तिचं काय फोडून राह्यली?"

"मुर्दा उठला बे," मागून कोणी ओरडलं. शिट्ट्या, हशा. नाकात कापूस तसाच घेऊन काका शोभाताईंचं मनगट दोन्ही हातांनी झाकून बसले, पडदा पडेपर्यंत.

"काका, सत्यानाश केला तुम्ही," दिग्दर्शक म्हणाले. "पुढच्या वर्षी नका येऊ."

काका "बरं" म्हणाले.

घरी जाताना मी त्यांच्यासोबत होते. 

"दादा गेला तवा मी बावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "बायांनी वहिनीचा हात धरला. तिनं साऱ्यांले सोडून माह्याकडं पाह्यलं. मी भिंतीकडं तोंड केलं."

आम्ही त्यांच्या दाराशी पोचलो.

दार वहिनींनीच उघडलं. लग्न न केलेल्या या दिराचं घर तेव्हापासून त्याच सांभाळतात.

"लवकर आले, भाऊजी? कसं झालं नाटक?"

"झालं."

पिशवी घ्यायला त्यांनी हात पुढे केले. मोकळे हात. मी ते लहानपणापासून रोज पाहत आले होते.

काकांना पिशवी देता येईना. ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"या ना आत," वहिनी म्हणाल्या.