चुलीपाशी कोण व्हतं?

पवित्र शास्त्रातली कुठलीही गोष्ट मार्थाबाईंना सांगा, त्या ती शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात, "आन् चुलीपाशी कोण व्हतं?"

उधळ्या मुलाची गोष्ट घ्या. धाकटा पोरगा बापाची इस्टेट उडवून हात हलवत परत येतो, बाप त्याला मिठी मारतो, गावाला मेजवानी देतो. ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. मार्थाबाईंचे पाणावत नाहीत. "एवढ्या पाव्हण्यांचं शिजवलं कुणी? बापानं? तो तर पोराच्या गळ्यात पडून रडत व्हता." नोहाच्या तारवाचंही तसंच. "समदी जनावरं एका नावंत कोंडली. शेण कुणी काढलं? नोहाच्या बायकूनं. नाव तरी लिवलंय का बिचारीचं?"

मी धाराशिवच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये पेटी वाजवतो. पेटी वेदीच्या बाजूला तिरकी ठेवलेली असल्यामुळे मला पास्टरही दिसतात आणि मंडळीही दिसते. कोण पेंगतं, कोण गाण्याला नुसते ओठ हलवतं, हे मला पाठ आहे. मार्थाबाई मात्र फारशा दिसत नाहीत. त्या मागच्या शेडमध्ये असतात, चहाचं आधण ठेवून.

त्यांचं माहेर अणदूरचं. वडील गावोगाव फिरणारे उपदेशक होते. "बापानं माझं नाव ठेवलं तवाच माझ्या हातात पळी दिली," असं त्या म्हणतात. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण म्हणून जन्म गेला. नवरा लवकर वारला, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर चर्चमागच्या दोन खोल्यांत राहायला आल्या आणि कुणी न सांगता चर्चच्या चुलीचा जिम्मा घेतला. कुणाच्या घरी गेल्या तरी खुर्चीवर टेकायच्या आत स्वयंपाकघराच्या दाराशी पोचलेल्या असतात. "कांदा कापून देऊ का?" हा त्यांचा नमस्कार.

पण त्यांचं खरं भांडण बेथानीच्या गोष्टीशी आहे. ज्यांना ती ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मार्था आणि मरीया या दोघी बहिणी. येशू त्यांच्या घरी पाहुणा आला. मार्था स्वयंपाकाला लागली, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली. मार्थाने तक्रार केली की हिला जरा मदतीला पाठवा. तर प्रभू म्हणाला, तू नाहक दगदग करतेस, मरीयेने चांगला वाटा निवडला आहे. संपली गोष्ट.

मार्थाबाईंच्या मते ती संपलेली नाही. आजवर आलेल्या प्रत्येक पास्टरला त्यांनी यावरून धारेवर धरलं आहे. एकांनी समजावलं की बाई, हे रूपक आहे. "भूक बी रूपक आसती का, पास्टरसाहेब?" त्या दिवशी पास्टरसाहेब त्यांच्याकडेच जेवायला होते. भाकरी मागून घेत घेत ते रूपक समजावत राहिले, त्यामुळे त्यांची बाजू जरा लंगडी पडली.

एकदा मी पेटीचा भाता दुरुस्त करत बसलो होतो. मार्थाबाई चहा घेऊन आल्या आणि उभ्याउभ्याच बोलू लागल्या. "मरीया बसली ह्याचं मला काय बी न्हाय, पेटीमास्तर. बसू द्या की. पर त्यानं एवढंच म्हणायचं व्हतं, मार्था, ऱ्हाऊ दे ते, तू बी बस. एवढं म्हणला आसता तर माझं भांडणच नव्हतं." मी हूं म्हटलं आणि भात्याला डिंक लावत राहिलो.

आमच्याकडे सुगी झाली की हंगामाचा सण असतो. लोक शेतातलं पहिलं पीक वेदीपुढे आणून ठेवतात, ज्वारी, भोपळे, वांगी, एखादं कोंबडं. उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो आणि मग प्रीतिभोजन. आख्खी मंडळी एका पंगतीत बसते, मटणाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी. हे सगळं मार्थाबाई उजाडल्यापासून रांधतात. शेडची खिडकी चर्चमध्ये उघडते, त्यामुळे उपदेश त्यांना तिथूनच ऐकू येतो. रस्सा तयार झाला की खिडकीतून खणखणीत "आमेन!" येतं. मग पास्टर कुठल्याही मुद्द्यावर असोत, उपदेश आटोपता घेतात. स्वतः मार्थाबाई सगळ्यांचं झाल्यावर उरलेली गार भाकरी रश्शात चुरतात आणि चुलीपाशी उभ्यानेच खातात.

यंदा नवे पास्टर आले होते. भला माणूस, पण इथला इतिहास ठाऊक नाही. त्यांनी हंगामाच्या सणालाच नेमका बेथानीचा उतारा काढला. "आपण सगळे मार्था झालो आहोत," ते म्हणाले. "नुसती धावपळ. मार्था होऊ नका, मरीया व्हा. प्रभूच्या पायाशी बसा."

मी खिडकीकडे पाहिलं. आतली पळीची खडखड थांबली. थोड्या वेळाने पुढच्या दाराने मार्थाबाई आत आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. सगळ्यांच्या देखत चालत पहिल्या बाकापर्यंत आल्या, बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "हं. सांगा."

पास्टरांना वाटलं, उपदेश काळजाला भिडला. ते हुरूपाने आणखी लांबले. आमेन म्हणणारं माणूस समोर येऊन बसलेलं, त्यामुळे थांबवणार कोण? मला खिडकीतून दिसत होतं, चुलीचा धूर विरळ होत गेला आणि बंद झाला.

लिलाव झाला, पोटात कावळे ओरडू लागले. आमच्या मंडळीचे पंच साळवे गुरुजी शेडमध्ये जाऊन घाईघाईने परत आले. मटण कच्चं, काटवटीत पीठ कोरडं, चुलीतली लाकडं बाहेर ओढलेली.

"मार्थाबाई, जेवणाचं कसं?"

"म्या आज चांगला वाटा निवडलाय, गुरुजी."

एकच गलका झाला. तामलवाडीहून आलेल्यांना परतीची एसटी गाठायची होती. कुणी म्हणालं, हॉटेलातून मागवा. कुणी म्हणालं, म्हातारीला ताठा चढला. बायका मात्र हाताची घडी घालून उभ्या राहिल्या, एकीनेही पदर खोचला नाही. पास्टर शेडच्या दारात गेले, थंड चूल बघितली आणि बाह्या वर करून फुंकणी हातात घेतली. त्यांच्यामागून गुरुजी गेले. नाइलाजाने बाकीचे पुरुषही गेले.

त्या दिवशीच्या स्वयंपाकाबद्दल फार सांगू नये. मीठ ज्याने त्याने आपल्या अंदाजाने टाकलं. गुरुजींची भाकरी तव्यावर पोचायच्या आतच दुभंगायची. प्रत्येक भाकरीला बायका दारातून दाद देत होत्या.

मी पेटी झाकायला आत आलो, तर रिकाम्या चर्चमध्ये मार्थाबाई पहिल्या बाकावर एकट्याच. जिंकल्याचा आनंद चेहऱ्यावर कुठेच नव्हता. रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. बोटांवरचं वाळलेलं पीठ खरवडत होत्या.

"लई चुकलं का वो माझं? लेकरं उपाशी हायती."

"तुमचं तुम्ही बघा," मी म्हटलं.

"उठते मंग," त्या म्हणाल्या.

बाहेर पंगत बसली होती. मार्थाबाई सवयीने सरळ गेल्या आणि भाकरीची टोपली उचलली. तेवढ्यात पास्टर आडवे आले. तोंडाला काजळी, भाजलेल्या बोटाला चिंधी. त्यांनी टोपली हळूच त्यांच्या हातातून काढून घेतली.

"राहू द्या ते, मावशी. तुम्हीपण बसा."

पेटीपाशी मार्थाबाई मला काय म्हणाल्या होत्या, हे त्या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. मार्थाबाईंनी हात पदराला पुसले. मग पंगतीत, गुरुजींच्या शेजारी, लुगडं सावरून मांडी घालून बसल्या. पास्टरांनी तव्यावरची भाकरी थेट त्यांच्या ताटात आणून टाकली. कडेला जाड, मध्ये करपलेली.

सगळे घास हातात धरून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तुकडा मोडला, रश्शात बुडवला, सावकाश चावला.

"मीठ?" गुरुजींनी भीतभीत विचारलं.

मार्थाबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"गरम हाय," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हातची गरम भाकर, आई गेल्यापास्नं खाल्ली नव्हती."

  रस्सा इतका खारट झाला होता की जीभ चरचरत होती, तरी मी तो दोनदा मागून घेतला.