राजाभाऊंच्या बॉलचं तेल

राजाभाऊ जोगळेकरांनी आयुष्यात एकच थाप मारली, आणि तीसुद्धा मारू नये त्या माणसाला, म्हणजे जावयाला. (बाकीच्या थापा वासंतीकाकूंना आधीच ठाऊक असायच्या, त्यामुळे त्या थापांत धरत नाहीत.)

झालं असं की लेकीच्या, अवनीच्या लग्नात, पंगतीला जिलबी दुसऱ्यांदा फिरत असताना जावई अपूर्वने सहज विचारलं, "बाबा, मुंबईत असताना तुम्ही बोलिंग खेळायचात म्हणे? ते बाटल्यांसारख्या पिना पाडायचं?"

"खेळायचो?" राजाभाऊ म्हणाले. "अरे, एका चेंडूत दहाच्या दहा आडव्या केल्यात!"

काकू तिथेच आग्रह करत फिरत होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि त्याच्या पानात आणखी एक जिलबी ठेवली. ती जिलबी राजाभाऊंना अजून पचलेली नाही.

या मे महिन्यात रत्नागिरीत नवं गेम सेंटर उघडलं आणि त्यात बोलिंगच्या चांगल्या दोन पट्ट्या निघाल्या. अवनीचा पुण्याहून फोन आला. "बाबा, आम्ही शनिवारी येतोय. रविवारी तिथे बुकिंग केलंय. अपूर्वला तुमचे दहा बघायचेत."

फोन ठेवल्यावर राजाभाऊंनी पंखा पाचवर केला. कारण खरा आकडा नऊ होता.

तरुणपणी ते मुंबईत एका कंपनीत कारकून होते. ऑफिसजवळच्या बोलिंग सेंटरचे मॅनेजर फर्नांडिस साहेब त्यांना जेवणाच्या सुट्टीत एक डाव फुकट खेळू द्यायचे, बदल्यात राजाभाऊंनी साहेबांचा निळा बॉल पुसायचा. कमरेला टॉवेल खोचून, प्रत्येक फेकीनंतर. पट्टीवर तेल असतं, ते बॉलला लागतं आणि हळूहळू आत मुरतं. "राजा, ऑइल इज दुश्मन," साहेब सांगायचे. "बॉलला सगळं चालेल, तेल नाही."

नवीनच लग्न झालेल्या वासंतीला राजाभाऊ एकदा खेळ बघायला घेऊन गेले होते. दुसऱ्यांनी घातलेले बूट घालायला तिने साफ नकार दिला आणि पर्स मांडीवर घेऊन ती बाकावर बसली. बॉल कडेच्या पन्हळीत गेला की ती जोरात टाळ्या वाजवायची. बॉल तिथेच घालवायचा असतो, असं तिला वाटत होतं. त्या दिवशी राजाभाऊंनी भरपूर टाळ्या मिळवल्या.

आणि शेवटच्या फेकीत चमत्कार झाला. बॉल सरळ गेला, नऊ पिना धडाधड पडल्या आणि मागच्या ओळीतली उजवीकडची दहावी पिन डुलली, परत डुलली आणि उभी राहिली. राजाभाऊंचा चेहरा बघून वासंती म्हणाली, "असू दे हो. आंबे उतरवताना नाही का आपण एक झाडावर ठेवत राखणदाराला? तसा तो त्याचा." एवढ्या मोठ्या मुंबईत, त्या गारगार हॉलमध्ये, गावाच्या वेशीवरच्या राखणदार देवाची आठवण फक्त तिलाच व्हायची. राजाभाऊंना ती बायको म्हणून खऱ्या अर्थाने आवडली ती त्या क्षणापासून. (हे त्यांनी तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघतायत.)

पुढे सेंटर बंद झालं, साहेबांनी जाताना आपला बॉल राजाभाऊंना दिला, आणि बॉल रत्नागिरीला आला. पहिल्याच दसऱ्याला काकूंनी विळी, कोयती, नारळ सोलायचा सुळा या सगळ्यांच्या रांगेत बॉलही मांडला, त्याला झेंडू वाहिला आणि बाकीच्यांना लावलं तसंच खोबरेल त्यालाही चोपडलं. "तुमचं हत्यार ना ते! गंजायला नको." राजाभाऊंनी तोंड उघडलं, पण ती इतक्या मायेने तेल जिरवत होती की त्यांनी ते परत मिटलं. तेव्हापासून दर दसऱ्याला दुश्मन घरचाच होता.

आता मात्र निकराची वेळ होती. राजाभाऊंनी मोबाइलवर बॉलच्या साफसफाईचे व्हिडिओ पाहिले आणि शनिवारी सकाळीच मेडिकलमध्ये हजर झाले.

"स्पिरिट द्या. मोठी बाटली."

"जखम कुठे झाल्ये, काका?"

"जखम नाही. तेल काढायचंय."

"कोणाचं?"

"बॉलचं."

मेडिकलवाल्याने बाटली दिली, पण जाता जाता बीपी बघून घ्या असंही सुचवलं.

स्पिरिटने फडकी पिवळी झाली, बॉल काही कोरडा होईना. मग दुसरा उपाय, कोमट पाण्यात बुडवून मुरलेलं तेल बाहेर काढायचं. राजाभाऊंनी स्वयंपाकघरातला सगळ्यांत मोठा टोप उचलला.

"अहो, तो टोप मोदकांचा!"

"आजही मोदकच आहे. एकच आहे, एवढंच."

कोमट पाण्यात बॉल बसला आणि थोड्या वेळाने वर तवंग धरू लागला. घरभर खोबरेलाचा वास सुटला. वासाबरोबर राजाभाऊंना सगळे दसरे आठवले. अवनीने बॉलच्या तीन भोकांत तीन झेंडू खोचले होते तो, तिच्या नोकरीमुळे दोघंच होती तो, आणि काकूंचा हात मोडला असताना त्यांनी डाव्या हाताने तेल लावलं होतं तोही. राजाभाऊंचे डोळे भरून आले. (त्यांनी स्पिरिटवर ढकललं.)

काकू टोपात डोकावल्या. "एवढं तेल? मी तर बोटभरच लावायची." मग त्यांनी विचारलं, "वाईट झालं का हो त्याने?"

"छे, छे! उलट टिकला तो."

"मग काढताय कशाला?"

राजाभाऊंनी बॉल उचलला आणि पडवीत नेला. बारीक पॉलिश पेपर फिरवला, फडक्याने घासला, भोकांतसुद्धा स्पिरिटचा बोळा फिरवला. मूळचा निळा रंग वर आला. हंडा डोक्यावर घेताना खाली ठेवतात त्या कापडी चुंबळीवर बॉल दिमाखात बसला, आणि त्याच्याकडे बघता बघता राजाभाऊंना राहवेना. त्यांनी दोन बोटं आणि अंगठा आत घातला, पडवीच्या टोकाला उभे राहिले, एक पाय पुढे टाकला आणि हात मागे नेला. नुसतं आठवून बघायचं होतं. बोटं सुटली, पण अंगठा काही निघेना. मधल्या वर्षांत राजाभाऊंबरोबर अंगठ्यानेही अंग धरलं होतं, आणि भोक आता अगदी कोरडं ठणठणीत होतं.

"वासंतीऽ!"

काकू आल्या. नवऱ्याच्या हाताला लोंबणारा बॉल त्यांनी शांतपणे न्याहाळला. "आता जावयाला नमस्कार कसा करणार?"

"थट्टा नको. ओढ."

"ओढून अंगठा येईल हातात. थांबा, तेल आणत्ये."

त्यांनी वाटीतलं खोबरेल अंगठ्याच्या कडेने सोडलं. काही होईना, म्हणून आणखी सोडलं. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. राजाभाऊ गडबडले आणि त्यांनी हात जोरात झटकला. अंगठा सुटला. बॉल पडवीवरून स्कूटर चढवायच्या सिमेंटच्या उतारावर आदळला आणि खाली निघाला.

अंगणात काकूंचं अमृतकोकम उन्हात ठेवलेलं होतं. कोकमांत साखर भरून, तोंडाला फडकी बांधलेल्या प्लास्टिकच्या बरण्या. आंब्याच्या सावलीतून अंगणात जेमतेम त्रिकोणी ऊन पडतं, म्हणून बरण्याही त्याच आकारात, पुढे एक, मागे दोन, मग तीन, मग चार. हे राजाभाऊंच्या ध्यानात आलं तेव्हा बॉल पहिल्या बरणीपाशी पोचला होता.

धडाधड बरण्या पडल्या. लाल रस कोब्यावर पसरला. मागच्या ओळीतली उजवीकडची शेवटची बरणी डुलली, परत डुलली आणि उभी राहिली.

राजाभाऊंनी डोळे मिटले.

"बाबा!" फाटकापाशी आंब्याच्या बुंध्याआडून अपूर्वचा आवाज आला. त्याचं डोकं अजून डिकीत होतं. "कसला आवाज झाला? पाडल्यात की काय दहाच्या दहा?"

राजाभाऊंनी डोळे उघडले. तेलाची वाटी हातात तशीच धरून काकू उतारावरून खाली गेल्या, साडी जराशी उचलली आणि पायाच्या अंगठ्याने दहाव्या बरणीला हलकेच ढकललं.

"दहा!" त्यांनी ओरडून सांगितलं. "या, मोजून घ्या!"

अपूर्व आला, त्याने मोजल्या, आणि लाल रसात उभं राहून टाळ्या वाजवल्या. अवनीने सासरी फोन करून कळवलंसुद्धा. कोबा धुऊन झाल्यावर राजाभाऊ हळूच स्वयंपाकघरात गेले. इतकी वर्षं योग्य वेळ बघत होते, ती हीच असं त्यांना वाटलं.

"वासंती, माझ्यासाठी तू राखणदाराची बरणीसुद्धा पाडलीस गं."

काकू जमिनीवर बसून बॉलला नव्याने खोबरेल लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तिला परवाच बुरशी धरल्येय. नाहीतर चांगल्या कोकमाला पाय लावला असता होय मी?" मग बॉल चुंबळीवर ठेवत त्या म्हणाल्या, "पण उद्या तुमचं तुम्ही बघा हो. तिथल्या बाटल्यांपर्यंत माझा पाय पोचायचा नाही."